झोप हीसुद्धा ड्युटीच

चि. सुहास यास आप्पांचे अनेक आशीर्वाद.

तू रविवारी जाताना म्हणालास, "तुम्हाला अभ्यासातलं काय कळतंय आप्पा?" स्टँडवर चार माणसांत म्हणालास, त्याचं काही नाही. बोलणं खरंच आहे. राज्यसेवेचा अभ्यास मला कळत नाही आणि त्यातलं मी तुला काही सांगणारही नाही. पण जागरण म्हणजे काय ते मला कळतं. एस.टी.त ड्रायव्हर म्हणून माझी सगळी नोकरी त्यातच गेली. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो, हो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही.

आधी घरचं. आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. वरच्या वाडीच्या जागेची मोजणी लागली आहे, नोटीस आली. ते मी आणि दाजी बघतो, तू त्यात डोकं घालू नकोस. म्हैस व्यायली, रेडी झाली. ताईची दोन्ही पोरं तुझ्या खोलीत झोपायला मागतात, पण आई देत नाही. म्हणते, सुहास अचानक आला तर?

आता मुद्द्याचं. प्रमोदनं त्या रात्री फोन केला नसता तर आम्हाला काही कळलंच नसतं, हे मला अजून टोचतंय. अभ्यासिकेत रात्री बाराच्या सुमाराला तुझी छाती धडधडायला लागली, हात गार पडले, श्वास पुरेना. तुला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. त्या पोरानं तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, हा घबराटीचा झटका आहे. झोप पूर्ण कर, चहा कमी कर आणि एकदा समुपदेशकाला भेट. या तिन्हीतलं तू एक तरी केलंस का रे? मी हे विचारणार नव्हतो. तू दोन दिवस घरी होतास तेव्हाही विचारलं नाही. पण रात्री दोनला माजघरात तुझ्या मोबाइलचा उजेड दिसत होता. मीही जागाच होतो.

सुहास, झोप राहिलेल्या माणसाला आपली झोप राहिली आहे हे कळतच नाही. तिथंच सगळा घात होतो. सतरा-अठरा तास सलग जागा असलेला माणूस चाकावर बसला की त्याचे हातपाय थोडी दारू घेतलेल्या माणसासारखे चालतात, हे तपासण्या करून सिद्ध झालेलं आहे. पण त्याला विचारलं तर तो म्हणणार, मी ठीक आहे. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतात, समोर रस्ता दिसत असतो आणि मधलाच दोन-तीन सेकंदांचा तुकडा गायब होतो. ताशी 60 च्या वेगाला तीन सेकंदांत गाडी 50 मीटर पुढं जाते. ते 50 मीटर गाडी कुणी चालवत नसतं.

एस.टी.त लागायच्या आधी मी ट्रकवर क्लीनर होतो, ते तुला माहीत आहे. ट्रक गणपा चालवायचा. गणपासारखा ड्रायव्हर मी नंतर बघितला नाही. घाटात मागं-पुढं घ्यायची वेळ आली तर दुसरे ड्रायव्हर आपली गाडी त्याच्या हातात द्यायचे. त्या फेरीला आम्ही दोन रात्री सलग चाललो होतो. मी म्हटलं, गणपादा, धाब्यावर तासभर आडवे होऊ. तो म्हणाला, "मला एवढी पुरते रे, सवय झालीय." कुंभार्लीच्या उतारावर पहाटे त्याचे हात स्टेअरिंगवर तसेच होते, डोळे उघडे होते आणि वळण आलं तरी गाडी सरळच चालली होती. मी ओरडलो. ट्रक कठड्याला घासत गेला आणि एका धोंड्याला अडकून थांबला. आम्ही दोघं खाली उतरलो. गणपा कठड्यावर बसला आणि त्याला किती तरी वेळ बोलता येईना. नंतर तो कधी स्टेअरिंगला बसला नाही, वांगं-मिरची विकायचा बाजारात.

तू रविवारी जेवताना आईला म्हणालास, "मला चार तास पुरतात, सवय झालीय." माझा घास हातातच राहिला. म्हणून मी स्टँडवर तेवढ्या जोरात बोललो.

आमच्या वेळी 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. युनियनच्या मीटिंगमध्ये ऐकून ऐकून तो आम्हाला पाठ झाला होता. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला 48 तास. सलग पाच तासांच्या वर काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. एक ड्युटी संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. हे लिहिणाऱ्यांना ड्रायव्हरची दया आली म्हणून लिहिलं असं मी कधी मानलं नाही. मागं पन्नास माणसं बसलेली असतात, म्हणून ते लिहिलं. ड्युटी संपल्यावर ड्रायव्हरनं झोपणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे, जसं डिझेल बघणं, हवा बघणं. मुक्कामी गाडी घेऊन गेलं की कंडक्टर मंडळी गावात गप्पा मारायला जायची. मी नऊला अंथरूण टाकायचो. मला कुणी आळशी म्हटलं नाही. पहाटे साडेपाचला गाडी सुटायची, ती सुटायच्याच वेळेला सुटायची.

तू मात्र झोप ही बक्षिसासारखी ठेवली आहेस. एवढं पाठ झालं की झोपेन, एवढे पेपर सोडवले की झोपेन. ते कधीच पुरं होत नाही आणि तू कधीच झोपत नाहीस. आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच, हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, डॉक्टर लोक सांगतात. रात्री दोनपर्यंत वाचलेलं सकाळी आठवत नाही आणि मग तुला वाटतं आपलं डोकंच चालत नाही. डोकं चालतं तुझं. त्याला विसावा दे.

चहाचंही तसंच. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. तू नऊ वाजता अमृततुल्यवर जो चहा घेतोस तो दोन वाजता अजून निम्मा अंगात असतो. संध्याकाळी चारनंतर घेऊ नकोस. मित्रांबरोबर जा, उभा राहा, गप्पा मार, दूध घे. आणि मोबाइल उशाला ठेवू नकोस. टेबलावर ठेव, लांब. गजर लावायला थोडे पैसे गेले तरी चालतील, घड्याळ घे वेगळं. अकरा वाजता दिवा बंद. साडेदहा जमलं तर उत्तम. सकाळी सहाला उठ, सुट्टी असली तरी सहालाच. एक दिवस दहाला उठलास की दुसऱ्या रात्री परत

बघ, लागलो भाषण द्यायला. वाक्य अर्धंच सोडतो. आईनं बजावलं होतं, त्याला काही शिकवू नका, नुसतं ख्यालीखुशाली लिहा. माफ कर. तू सव्वीस वर्षांचा आहेस, हे मी लिहिताना विसरतो.

दुसरं सांगतो. आजीचं. तू तिला बघितलीस ती म्हातारी झाल्यावर, सगळ्यांना हसवणारी. त्याच्या आधीची आजी वेगळी होती. 1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे चारच्या पुढं कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही, सांगितलेलं माहीत आहे. मागची भिंत पडली. आजीनं मला कमरेवर घेतलं आणि अंगणात आली. पुढं कित्येक दिवस हादरे येतच होते, माणसं घरात झोपेनात, खळ्यावर पालं ठोकून राहिली. मग घरं उभी राहिली, सगळे घरात आले, पण आजी पहाटे चारला दचकून उठायची. हे मला आठवतं, कारण मी शाळेत जायला लागलो तरी हे चालूच होतं. अंथरुणात उठून बसायची, छातीवर हात ठेवून, तोंडानं श्वास घेत. अंगाला घाम. तुला त्या रात्री झालं तसंच ते असणार. तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नाही. म्हणायचे, हिनं भूकंपाचा धसका घेतलाय.

मग ती उठायची आणि जात्यावर बसायची. एक पाय लांब, एक दुमडलेला. एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात मूठभर नाचणीची वैरण. सुरुवातीला जातं नुसतं घरघरत जोरात फिरायचं आणि पीठ भरड पडायचं. मला त्या आवाजानं जाग यायची. मी जाऊन तिच्या लांब केलेल्या पायाच्या मांडीवर डोकं ठेवायचो. मांडी दगडासारखी घट्ट लागायची. मग ओवी सुरू व्हायची. एक ओळ एका श्वासात, ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहायचं आणि मग पुढच्या ओळीला नवा घ्यायचा. दोन-तीन ओव्या झाल्या की जातं संथ व्हायचं, खुंट्यावरची बोटं सैल व्हायची, पीठ बारीक पडायला लागायचं. नाचणीच्या ताज्या पिठाचा ऊन वास यायचा. आणि माझ्या डोक्याखालची मांडी मऊ झालेली मला कळायची. मग मला झोप लागायची.

ती का गायची हे मला नोकरीत असताना उमगलं. आगारात योगाच्या वर्गाला एक बाई यायच्या. लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेल्या. त्यांनी सांगितलं की तिथं स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून प्राणायामाचा प्रयोगशाळेत, यंत्रं लावून अभ्यास केला. आणि सांगितलं की श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून सोडणं लांबवलं की छाती शांत होते. मला एकदम आजीची ओवी आठवली. मी वर्गात काही बोललो नाही, घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं.

तू ओव्या म्हण असं मी म्हणत नाही. साधं कर. ताठ बस, चार आकडे मोजत नाकानं श्वास घे आणि सहा ते आठ आकडे मोजत सोड. मध्ये रोखायचा नाही, जोर लावायचा नाही. पाच मिनिटं पुष्कळ झाली. कपालभाती, भस्त्रिका असलं जोराचं सध्या करू नकोस. आणि हे रोज बरा असताना कर, म्हणजे धडधड सुरू होईल तेव्हा ते आपोआप आठवेल. त्या वेळी नव्यानं शिकायला जमत नाही. ती लाट काही मिनिटांत शिगेला जाते आणि मग उतरतेच, एवढं स्वतःला सांगत राहायचं. पण छातीत दाबल्यासारखं दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर घबराट आहे म्हणून खोलीत बसून राहायचं नाही. सरळ दवाखाना. प्रमोदला उठवायचं, कितीही वाजलेले असोत. आणि मला फोन करायचा. आधी मला नाही, आधी प्रमोदला. मग मला.

गाडी कुठल्याही स्टँडला लागली की मी खाली उतरायचो, पाचच मिनिटं असली तरी. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचो, टायर ठोकून बघायचो. टायर ठीकच असायचे बहुतेक. पण त्या चकरेत लक्षात यायचं की आपले खांदे कानापर्यंत चढलेले आहेत, दात आवळलेले आहेत, मुठी अजून स्टेअरिंग धरल्यासारख्या आहेत. मग खांदे खाली सोडायचे, मुठी घट्ट आवळून मोकळ्या करायच्या, तोंडावर पाणी मारायचं. तू पण तासाभरानं खुर्ची सोड. पाणी पी. खिडकीतून लांबचं काही तरी बघ. तू जेवायला बसलास तेव्हा तुझेही खांदे वरच होते. आईनं पाठीवर हात ठेवला तर तू दचकलास.

सकाळी पर्वतीवर जात जा. सदाशिव पेठेतून लांब नाही. 103 पायऱ्या आहेत म्हणतात. मोबाइल खोलीवर ठेवून जा, कानात काही घालू नकोस. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर येते, शरीराचं घड्याळ त्यावर चालतं. वर जाऊन दहा मिनिटं बस आणि खाली ये. तिथं बसून चालू घडामोडी वाचायच्या नाहीत. जेवणाचं काय सांगू, मेसमध्ये नसेल बरं तर दही घे, फळ घे. पैसे मी जास्तीचे टाकले आहेत. पैशाचा विचार तू करायचा नाहीस, दूध डेअरीला चालू आहे.

एक तुला सांगितलेलं नाही. तू पूर्व परीक्षा पास झालास तेव्हा मी पेढे घेऊन स्टँडवर गेलो होतो. कंट्रोलरच्या केबिनमध्ये, वर्कशॉपमध्ये, कॅन्टीनमध्ये, सगळीकडे वाटले. ड्रायव्हरचा पोरगा म्हणून सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मुख्य परीक्षेत दोन मार्कांनी राहिलास तेव्हाही मी तिथं गेलो आणि सांगितलं, दोन मार्कांनी राहिला. मला सांगताना खाली बघावंसं वाटलं नाही. किती पोरं तिथपर्यंत पोचतात? हे तुला माहीत असू दे. तू पास हो, नापास हो, मला स्टँडवर मान वर करून जाता येतं. मला तू धडधाकट पाहिजेस.

समुपदेशकाचं तू टाळतोयस. लाज वाटते की काय वाटतं, तू बोलला नाहीस. इथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर मी एक नंबर बघितला, 14416. टेली मानस म्हणतात त्याला. सरकारनं 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेली सेवा आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. कुणाला नाव कळायची भीती वाटत असेल तर खोलीवरूनच लाव. समोर बसून बोलायचं असेल तर डॉक्टरांनी ज्यांचं नाव दिलं त्यांच्याकडे जा. एकट्याला जायला नको वाटलं तर सांग, मी सकाळच्या गाडीनं येतो. आत तू जा, मी बाहेर बाकावर बसेन आणि बाहेर आल्यावर काय झालं ते विचारणार नाही. नानाचं तुला माहीत आहे. त्याबद्दल मी लिहीत नाही. पण त्या घरात त्या वेळी कुणीच कुणाशी बोललं नव्हतं, आणि आपल्या घरात तसं होऊ द्यायचं नाही असं मी आणि आईनं तेव्हाच ठरवलं होतं.

तुला परीक्षा सोड असं मी म्हटलेलं नाही. रविवारी तुला तसं ऐकू आलं. मी म्हणालो, या वेळची एक सोडलीस तरी चालेल. ते आजही म्हणतो. पण ठरवायचं तू. दिलीस तर मी पुण्याला येऊन केंद्राबाहेर थांबेन, मागच्या वेळेसारखा. आदल्या रात्री मात्र नऊला झोपायचं. बघ, परत तिथंच आलो. लिहायला बसताना ठरवलं होतं की झोपेचं एकदाच लिहायचं.

एक काम माझ्यासाठी कर. रोज दिवा बंद करताना मला एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, काही विचारणार नाही, कशी आहे तब्येत म्हणणार नाही. अकराच्या आत यायला पाहिजे. आला नाही तर मी फोन करणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आई आशीर्वाद सांगते. प्रमोदला माझा नमस्कार सांग, त्याच्या आईवडिलांना भेटायचं आहे मला.

तुझे,
आप्पा

ता.क. दाजी बुधवारी टेम्पो घेऊन मार्केट यार्डला येतोय. त्याच्याबरोबर तुझी सायकल पाठवतो. दोन्ही ट्यूब नव्या टाकल्या आहेत, चेनला ग्रीस लावलं आहे, सीट तुझ्या उंचीला वर केली आहे. मागचा ब्रेक जरा कडक आहे, चार दिवसांत सैल होईल. कुलूप तिकडंच घे, चांगलं घे.